एका दुपारचे बुखारबुवा

५ नोव्हेंबर, मंगळवार

बायकोला, रोझविताला, आरोग्यधामात सोडून आलो. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं आहे, आता चार आठवडे तिथेच व्यायाम. निरोप घेताना म्हणाली, "बुखारबुवांचं यंदा राहू दे. बाजार समितीला मी कळवून टाकते."

मी म्हणालो, "कशाला? एका दुपारचं तर काम."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते. कळ आली असावी. नर्सला बोलावू का विचारलं, तर नको म्हणाली.

सुक्या आलुबुखारांचे हातपाय, सुक्या अंजिरांचं पोट, अक्रोडाचं डोकं आणि आत तार, झाला बुखारबुवा. आमच्याकडे नाताळात प्रत्येक खिडकीत एक तरी उभा असतो. तो घरात असला की वर्षभर काही कमी पडत नाही म्हणतात. चर्चच्या नाताळबाजारात दाराजवळचं टेबल गेली सव्वीस वर्षं रोझविताचं आहे. दरवर्षी चाळीस नग. टेबल एकदा रिकामं राहिलं की ते दुसऱ्याला जातं, असा समितीचा नियम आहे, आणि रांगेत कोण उभं आहे तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या झेल्टनरबाई, त्यांच्या त्या लोकरीच्या चांदण्या घेऊन.

बाजार तीस तारखेला आहे. कृती मला पूर्ण माहीत आहे. सव्वीस वर्षं ती हे करत असताना मी त्याच टेबलाशी बसून पेपर वाचला आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

आराखडा काढला. चौतीस वर्षं भूमापन कार्यालयात काढली, ती फुकट जायची नाहीत. उंची अठरा सेंटीमीटर. पाय प्रत्येकी चार आलुबुखार, हात प्रत्येकी तीन, धड तीन अंजीर. गुरुत्वमध्य बेंबीच्या दोन सेंटीमीटर खाली. रोझविताने आजवर कधीच आराखडा काढला नाही. कसं जमत होतं कोण जाणे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानातून सात किलो आलुबुखार आणले. चांगले मऊ, टपोरे, चकचकीत निवडले. पैशांच्या रांगेत मागे झेल्टनरबाई. पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अहो बेरिंगर, सात किलो? किती दिवस झाले पोट साफ नाही?"

सगळी रांग वळून बघायला लागली. मी म्हणालो, "खासगी बाब आहे."

दुपारी दोनला काम सुरू केलं. पहिला बुवा तीनला तयार झाला. उभा केला. तो क्षणभर उभा राहिला आणि मग गुडघ्यात वाकला. सरळ केला. पुन्हा वाकला. मांड्या तारेवरून घसरून घोट्यांशी जमा झाल्या, पोट त्यांच्यावर येऊन बसलं, आणि शेवटी त्याने मान टाकली. दुसऱ्याचंही तेच. तिसरा तर माझ्या हातालाच चिकटून बसला, त्याला सोडवताना त्याचा एक पाय माझ्या कोपराला गेला.

संध्याकाळपर्यंत आठ बुवा कोसळले. कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून सगळे खाऊन टाकले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कामाला बसता आलं नाही. दुसरीकडेच बसावं लागलं.

रोझविताचा फोन तीनदा वाजला, घेता आला नाही. अकराला दारावर थाप. न्हाणीघराच्या खिडकीखालून झेल्टनरबाईंचा आवाज. "बेरिंगर! जिवंत आहात ना?"

"आहे!" मी आतून ओरडलो.

"पायरीवर काळा चहा आणि सुका टोस्ट ठेवलाय हो. आणि ते आता खाऊ नका!"

'ते' म्हणजे काय हे बाईंना कसं कळलं? दुर्बीण असावी.

संध्याकाळी रोझविताशी बोलणं झालं. काम सुरळीत चालू आहे एवढंच सांगितलं. ती आपली आरोग्यधामातल्या गप्पा सांगत होती. जेवणाच्या टेबलावर तिच्या शेजारी कोणी एक बाई आहे. त्या बाईंच्या नवऱ्याने म्हणे परवाच बुखारबुवा करायला घेतले आणि नेमके मऊ आलुबुखार आणले. "ते खायचे, शिवायचे नव्हेत," रोझविता म्हणाली. "कडक हवेत. नसतील तर जाळीवर पसरून हीटरवर आठवडाभर ठेवायचे."

काय योगायोग! लगेच लिहून घेतलं. तिला काही संशय आला नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आठवडा फार होतो. केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं. एक आलुबुखार उडून पडद्याला चिकटला तो अजून तिथेच आहे. मग सरळ ओव्हनमध्ये तीन ताटं ठेवली, दीडशे अंशांवर, आणि बर्फ काढायचं फावडं शोधायला तळघरात गेलो. तिथे जुने नकाशे सापडले. नकाशे सापडले की मला वेळेचं भान राहत नाही.

वर आलो तेव्हा स्वयंपाकघर दिसत नव्हतं. धुराची घंटा कोकलत होती. झेल्टनरबाई बादली घेऊन आत आलेल्या होत्या आणि त्यांनी ओव्हनचं दार उघडलं होतं.

"हे काय, कोळसा पाडताय?" त्यांनी विचारलं.

"प्रयोग चालू आहे," मी म्हणालो आणि टेबलावरचा आराखडा शर्टात लपवला.

बाईंनी चार खिडक्या उघडल्या, ताटं बागेत नेली, आणि जाताना एक डबा ठेवून गेल्या. आज सेंट मार्टिनचा दिवस, लोक घरोघरी हंस खातात. मी धूर खाल्ला. मग डबा उघडला. हंसच होता, सोबत लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे. चव अगदी रोझविताच्या हातची. लाल कोबीत तो लवंगेचा आणि सफरचंदाचा अंदाज फक्त तिचा. म्हणजे बाईंनी नुसतं टेबलच नव्हे, पाककृतीही चोरायला घेतल्या आहेत. जपून राहायला हवं.

संध्याकाळी रोझविता म्हणाली, "आमच्या टेबलावरच्या बाईंच्या नवऱ्याने ओव्हन लावून तळघरात मुक्काम केला."

मी म्हणालो, "काही पुरुष अगदीच बेजबाबदार असतात."

ती म्हणाली, "हो ना." आणि खोकत राहिली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आलुबुखार घरातल्या नऊच्या नऊ हीटरांवर पसरले आहेत. अंजीर बैठकीच्या खोलीत, आरामखुर्चीत, ताटात.

दुपारी पाद्रीबाई लुट्स आल्या. रोझविताची चौकशी करायला म्हणाल्या, पण नजर टेबलाकडे. "बेरिंगर, खरं सांगा, बाजाराचं जमेल ना? नाही जमलं तर लाजू नका. झेल्टनरबाई म्हणत होत्या की..."

"काय म्हणत होत्या?"

"की तुम्हाला मदत लागली तर..."

"मदत!" मी म्हणालो. "पाद्रीबाई, मी अख्खा तालुका मोजलाय."

"ते खरं," असं म्हणून त्या आरामखुर्चीत बसल्या.

अंजिरं एकूण बेचाळीस होती. चौदा वाचली. पाद्रीबाईंचा झगा काळा असल्यामुळे फार दिसलं नाही, पण त्या जाताना फाटकाजवळ एक अंजीर पडलं, आणि झेल्टनरबाईंनी ते उचलून निरखून पाहिलं.

एक मात्र लिहून ठेवतो. इतकी सपाट, गोल, एकसारखी अंजिरं मला हाताने दाबून कधीच जमली नसती. पोटांसाठी उत्तम. पाद्रीबाईंना पुन्हा बोलवावं काय असा विचार मनात येऊन गेला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काही घडलं नाही. घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. फीत काढून बैठकीची खोली आणि मधला बोळ मोजला. आहे तेवढंच आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

उभा राहिला! दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. चार आलुबुखारांचे पाय, लाकडी चकतीवर, कलंडला नाही की वाकला नाही. मी त्याच्याभोवती फिरून सगळ्या बाजूंनी पाहिलं. टेबलावर मूठ आपटली, तरी उभा. इतका आनंद झाला की खिडकीत जाऊन ओरडलो, "उभा राहिला!"

झेल्टनरबाई अंगणात पानं झाडत होत्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग झाडू खांद्याला टेकवून टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते कळलं नाही. शत्रूच्या गोटातही दिलदारी असते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चेहऱ्यांचं काम सुरू. रोझविता दोन ठिपके आणि एक रेघ काढते आणि मोकळी होते. मला ते पटत नाही. अक्रोडावर निसर्गानेच सुरकुत्या दिल्या आहेत. त्यांच्या रेषा धरून जायचं, नकाशात डोंगराच्या रेषा धरून जातो तसं. सगळ्यात बारीक ब्रश घेतला. एका दिवसात सहा डोकी.

एकाचं तोंड उघडं राहिलं आणि भुवया वर गेल्या. त्याला बँडवाला केलं. एक फुगीर गालांचा झाला, एक डोळा मिटलेला. त्याला पिठाच्या पोत्यावर बसवलं. एक बाई उंच मानेची, नाकावर चष्मा. तिला पुस्तक दिलं. सगळी मनातून काढलेली डोकी. आपल्यात इतकी कल्पनाशक्ती असेल असं वाटलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बायकांच्या चेहऱ्यांत अडचण येते आहे. चष्मेवाली सोडली तर सगळ्या एकच निघतात. नाक किंचित डावीकडे. डावी भुवई उजवीपेक्षा वर. ओठ असे, की आता हसू येणार आहे पण बाईने ते रोखून धरलं आहे. एक पुसून पुन्हा काढली, तीच आली. डोळे मिटून सुरुवात केली, तरी तीच. टोपी बदलली, केसांना पिवळी लोकर लावली. पिवळ्या लोकरीतली तीच.

ब्रशचा दोष असावा. एकाच बाजूने झिजला आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

झेल्टनरबाई लाल भोपळ्याचं सार घेऊन आल्या. मी चादर ओढायच्या आत टेबलापाशी पोचल्यासुद्धा. बँडवाल्याला बघून फिस्सकन हसल्या. पिठाच्या पोत्यावरच्याला बघून त्यांना खुर्ची धरावी लागली. "बेरिंगर, बेरिंगर," म्हणाल्या, "गावात राहायचंय ना तुम्हाला?"

मग बायकांच्या रांगेशी आल्या. अकरा झाल्या होत्या. हसू थांबलं. एकीला हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, परत आणून ठेवलं.

मी म्हणालो, "हो, माहीत आहे. नाक चुकतंय."

"काही चुकत नाहीये," त्या म्हणाल्या. रुमाल काढून नाक शिंकरलं. खोलीत आलुबुखारांची धूळ फार झाली आहे. मग म्हणाल्या, "एक फोटो काढू?"

हेरगिरी ती अजून काय वेगळी असते? पण सार हातात असल्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी फोनवर रोझविताचा आवाज बसलेला होता. सर्दी झाली आहे का विचारलं, तर म्हणाली, "तसंच काहीतरी." मग फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आहे रे," ती म्हणाली. "जेवलास का?"

तिच्या डॉक्टरांना कळवायला हवं. तिथे वारा लागत असणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चाळीस पूर्ण. चष्मेवाली धरून एकवीस इतर, आणि एकोणीस त्या एकसारख्या बायका. शेवटचे दोन दिवस झेल्टनरबाई टोप्या शिवायला येऊन बसत होत्या. मी बोलावलं नव्हतं, त्याही विचारायला थांबल्या नाहीत. रोझविताच्या शिवणाच्या डब्यात कोणतं कापड कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांना न शोधता सापडत होतं. नोंद घेतली आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहितो.

नऊला टेबल मांडलं. इतर पुढे, बायका मागे. दहाला चर्चचं दार उघडलं. पहिले आले गायनवृंदाचे प्रमुख डोर्श. बँडवाल्यासमोर उभे राहिले. तोंड उघडं राहिलं आणि भुवया वर गेल्या.

तेव्हा मला दिसलं.

"हा मी आहे?" डोर्श म्हणाले.

"छे, बँडवाला आहे," मी म्हणालो.

"माझं पोट एवढं आहे?"

"ते पोट पाद्रीबाईंनी केलेलं आहे," मी म्हणालो. मला त्यांना सांगायचं वेगळंच होतं.

गर्दी जमली. बेकरीवाले व्हिल्ट आले, त्यांनी स्वतःला पिठाच्या पोत्यावर डुलक्या घेताना पाहिलं. "मी कामावर झोपत नाही!" ते ओरडले, आणि मागून त्यांची बायको म्हणाली, "नाही कसे! हुबेहूब आहे!" मग एकेक ओळखू यायला लागला. केशकर्तनवाला, बाजार समितीचे अध्यक्ष, दाढीवाला पशुवैद्य, त्याच्या काखेत त्याच्यासारखीच दाढी असलेली बकरी. मी बकरी मनातून काढली होती, शपथेवर सांगतो. अध्यक्ष म्हणाले, "बेरिंगर, हा समितीचा अपमान आहे. हे टेबल..." रोझविताचं सव्वीस वर्षांचं टेबल माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. सात तारखेच्या बुवांसारखे माझे गुडघे वाकत होते.

एवढ्यात पाद्रीबाई लुट्स गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी ती चष्मेवाली, पुस्तक घेतलेली उचलली. नाकाशी धरून पाहिली.

"मान छान आलीय माझी," त्या म्हणाल्या. "ही माझी. कोणी हात लावायचा नाही."

व्हिल्टांची बायको लगेच पुढे सरसावली. "माझा नवरा मला द्या. हा तरी घोरणार नाही."

"आणि तो डोर्श मला!" गायनवृंदातल्या तिघीजणी एकदम ओरडल्या, आणि त्यांच्यात जुंपली. डोर्शांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिघी आपल्यासाठी भांडताहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. शेवटी त्यांनी स्वतःच पोट आत ओढून जाहीर केलं की भांडू नका, मी पुढच्या वर्षी आणखी दोन करून घेतो. पशुवैद्याने बकरीसकट स्वतःला नेलं. सर्वांत शेवटी अध्यक्ष आले, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बायकोला दाखवायचाय. गुंडाळून द्या, वरून दिसायला नको."

अकरापर्यंत एकवीसच्या एकवीस गेले.

मागच्या बायकांपैकी मात्र एकही गेली नाही. लोक यायचे, बघायचे, एकमेकांना कोपर मारायचे आणि चांदण्यांच्या टेबलाकडे निघून जायचे. एक म्हातारी म्हणाली, "नको बाई, ही काय आपल्याकडे राहील होय?" मी किंमत निम्मी केली. तरी कोणी नाही. बेकरीवाल्यांच्या बायकोने तर माझा गाल थोपटला. नाकं चुकली म्हणून दया करत असणार.

झेल्टनरबाई टेबलं आवरताना आल्या. मी म्हणालो, "एकोणीस उरल्या. रोझविताचा एकही कधी उरत नसे."

"तुम्ही खरंच..." त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "समितीने टेबल पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच ठेवलंय. घरी जा, बेरिंगर. पेटी मी धरते एका बाजूने."

२ डिसेंबर, सोमवार

एकोणीस नगांची पेटी तळघरात, नकाशांच्या मागे ठेवली. रोझविताला पहिल्याच दिवशी अपयश दाखवायला नको. घर झाडलं. हीटरांमागून चौतीस आलुबुखार निघाले. पडद्यावरचा निघत नाही. पडदा उलटा लावला.

३ डिसेंबर, मंगळवार

रोझविता घरी आली. दोन कुबड्यांवर, पण ताठ. दारातच झेल्टनरबाईंनी तिला मिठी मारली आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की मला कुबड्या सांभाळाव्या लागल्या. त्यांचं इतकं जमतं हे मला ठाऊक नव्हतं. चार आठवडे दोघींची भेट नाही, तरी तिला बकरीचीसुद्धा माहिती होती. आरोग्यधामात बातम्या फार पोचतात.

मी तिला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली, कॉफी ठेवली.

ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "मला कुठे ठेवलंयस?"

मी म्हणालो, "खालच्या खोलीत. जिना नको म्हणून पलंग खाली आणलाय, खिडकीपासून नव्वद सेंटीमीटरवर. उशा तीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. खुबा धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं. "अरे ओटमार," म्हणाली, "त्या एकोणीसजणी कुठे आहेत?"

कबूल करावं लागलं. तळघरातून पेटी आणली. तिने एकेक बाहेर काढायला लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीत सगळ्या रांगेने उभ्या केल्या, एकोणीसच्या एकोणीस, पिवळ्या लोकरीची मधोमध. कॉफी गार झाली.

मी समजावून सांगितलं की दोष सर्वांत सारखाच आहे, म्हणजे तो हाताचा नसून ब्रशचा आहे. पुढच्या वर्षी नवा आणतो.

"नवा ब्रश आणलास," ती म्हणाली, "तर ही कुबडी बघितलीस ना?"

बोलताना तिची डावी भुवई उजवीपेक्षा वर गेली. ओठ असे, की आता हसू येणार आहे पण तिने ते रोखून धरलं आहे. मी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"काय रे?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि दुसरी कॉफी करायला उठलो. ओट्याशी पाठ करून बराच वेळ उभा होतो. पाणी उकळून आटून गेलं, पुन्हा ठेवावं लागलं.